मदतीचा हात आणि धाकाचा हात

शिक्षकाच्या हाताला आपल्या समाजानें फार मोठा मान दिला आहे. पाटीवरचें पहिलें अक्षर गिरवून घेणारा हात त्याचाच असतो. परंतु सर्वसाधारण शाळेंत मूल आठ-दहा वर्षांचें झालें म्हणजे ह्या हाताचें काम जवळजवळ संपतें. पुढें शिक्षक बोलतो, फळ्यावर लिहितो, प्रश्न विचारतो. मुलाच्या अंगाला हात लावण्याचें त्यास कारण पडत नाहीं. जेथें अपंग मुलें शिकतात तेथील गोष्ट निराळी आहे. अंध मुलाचें बोट धरून तें ब्रेलच्या टिंबांवरून फिरवावें लागतें. मेंदूच्या पक्षाघातानें हातपाय ताठरलेल्या मुलास उचलून खुर्चींत बसवावें लागतें, त्याची मान सावरून घांस भरवावा लागतो. आकडी आलेल्या मुलास कुशीवर वळवावें लागतें. स्वमग्न मूल एखाद्या मोठ्या आवाजानें भेदरून रस्त्याकडे धांव घेतें, तेव्हां त्याला अडवावें लागतें. येथें स्पर्श हा शिक्षणाचाच एक भाग आहे. तो वर्ज्य करतां येत नाहीं.

आणि म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. जो हात सावरतो तोच हात थकव्याच्या, रागाच्या किंवा अज्ञानाच्या एखाद्या क्षणीं पिळतो, ओढतो, दाबून धरतो. दुरून पाहणाऱ्यास दोन्ही कृति सारख्याच दिसूं शकतात. फरक ज्याला पुरता कळतो तें मूल पुष्कळदां बोलूं शकत नाहीं. अशा वेळीं शिक्षकाच्या वर्तनाचा न्याय कोणीं करावा, कसा करावा, आणि तो करतांना मुलाला व शिक्षकाला, दोघांनाही न्याय कसा मिळावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

ह्या बाबतींत खानदेशाजवळ एक मोठा वारसा आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत १९२४ पासून १९३० पर्यंत साने गुरुजी शिक्षक होते व तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांनीं सांभाळली. मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते स्वतः झाडीत, अंथरुणें गुंडाळून ठेवीत, मळके कपडे धुऊन टाकीत. आणि शरमलेलीं मुलें हळूहळू आपलीं कामें आपण करूं लागत. त्या काळीं छडी ही वर्गांतील खडूफळ्याइतकीच नित्याची वस्तु होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या वर्तनाचें मोल कळतें. अधिकार असलेल्या हातानें सेवा केली तर धाकाची गरज राहत नाहीं, हें अमळनेरच्या त्या छात्रालयानें पाहिलें आहे.

परंतु केवळ मनाचा चांगुलपणा पुरेसा नसतो. चांगल्या हेतूनेंही मुलाच्या शरीरावर केवढी सक्ति होऊं शकते, ह्याचें उदाहरण बधिरांच्या शिक्षणाच्या इतिहासांत आहे. १८८० सालीं इटलींतील मिलान शहरीं बधिरांच्या शिक्षकांची एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथील प्रतिनिधि जवळजवळ सर्व ऐकूं येणारे होते. बधिर मुलांस खुणांनीं न शिकवितां ओठांच्या हालचालींवरून व उच्चारांच्या साहाय्यानेंच शिकवावें, असा ठराव त्या परिषदेनें केला, आणि युरोप-अमेरिकेंतील बहुसंख्य शाळांनीं तो उचलला. मूल बोलतें व्हावें, हा हेतु वाईट म्हणतां येणार नाहीं. पण त्यापायीं कित्येक शाळांतून मुलांस मांडीखालीं किंवा पाठीमागें हात ठेवून बसावें लागे, आणि नकळत एखादी खूण झाली कीं त्याच हातांवर छडी बसे. ज्या हातांनीं मूल बोलूं पाहत होतें तेच हात बांधले गेले. मुंबईंत बधिरांची शाळा १८८५ च्या सुमारास निघाली. आपल्या देशांतील अशा शाळांतूनही पुढें दीर्घकाळ तोंडी पद्धतीचाच पगडा राहिला. मिलानच्या ठरावाबद्दल खेद व्यक्त झाला तो २०१० सालीं, कॅनडांतील व्हँकूव्हर येथें भरलेल्या त्याच परिषदेच्या अधिवेशनांत. चूक कबूल व्हावयास १३० वर्षें लागलीं. भारतांत सांकेतिक भाषेच्या संशोधनाची व प्रशिक्षणाची राष्ट्रीय संस्था दिल्लीस स्थापन झाली, तीही २०१५ सालीं.

ह्या इतिहासापासून एक कसोटी मिळते. हात लावणाऱ्याचा हेतु काय होता, एवढेंच विचारून भागत नाहीं. ज्याला हात लागला त्याचें काय झालें, हेंही विचारावें लागतें. ह्या कसोटीवर पाहिलें तर वर्गांत सहज घडणाऱ्या कित्येक गोष्टी सहज राहत नाहींत. चंचल मुलास ओढणीनें बांकाला बांधून ठेवणें, जेवत नाहीं म्हणून नाक दाबून घांस कोंबणें, रडणाऱ्या मुलास शांत होईपर्यंत अंधाऱ्या खोलींत कोंडणें, चाकाच्या खुर्चींतील मुलास न विचारतां, न सांगतां मागून ढकलीत नेणें, 'फार आवाज करतो' म्हणून श्रवणयंत्र काढून घेणें, पालथें पाडून पाठीवर भार देणें, ह्यांपैकीं कोणत्याही गोष्टीला छडी लागत नाहीं. तरी प्रत्येकींत मुलाच्या शरीरावरील त्याचा स्वतःचा हक्क हिरावला जातो; आणि शेवटच्या कृतींत तर श्वास अडून प्राणही जाऊं शकतो.

हा दोष एखाद्या देशाचा किंवा एखाद्या गांवाचा नव्हे. अमेरिकेसारख्या संपन्न देशांत सरकारच शाळांकडून ह्याची आंकडेवारी घेतें. २०१७-१८ च्या शालेय वर्षांत तेथील विद्यार्थ्यांपैकीं सुमारें १३ टक्के विद्यार्थी अपंगत्वामुळें विशेष शिक्षण घेणारे होते. परंतु शाळांनीं ज्यांना अंगाला धरून जबरीनें रोखलें अशा विद्यार्थ्यांत त्यांचें प्रमाण ८० टक्के होतें. ज्यांना आपलें म्हणणें सांगतां येत नाहीं त्यांच्याच वांट्याला सक्ति अधिक येते, असा ह्या आंकड्यांचा सरळ अर्थ आहे.

आतां कायद्याकडे वळूं. १८६० च्या भारतीय दंडसंहितेंत एक कलम होतें, ८९ क्रमांकाचें. बारा वर्षांखालील मूल व मनोविकल व्यक्ति ह्यांच्या हितासाठीं पालकानें अथवा त्याच्या संमतीनें दुसऱ्यानें सद्भावनेनें केलेली कृति गुन्हा ठरत नाहीं, असें तें सांगे. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली. तींतही २७ व्या कलमांत हें तत्त्व राहिलें आहे. शस्त्रक्रियेसारख्या प्रसंगीं त्याची जरुरी आहे हें उघड आहे. पण 'मुलाच्या हितासाठींच मारलें' ही जुनी सबब त्याच्या आडोशानें उभी राहत असे. ती सबब वर्गांत चालूं नये म्हणून २००९ सालीं झालेल्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें १७ व्या कलमांत निःसंदिग्ध भाषा वापरली: कोणत्याही बालकास शारीरिक शिक्षा करूं नये वा त्याचा मानसिक छळ करूं नये, आणि जो करील तो त्याला लागू असलेल्या सेवानियमांप्रमाणें शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र होईल. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आहे.

अपंग मुलांच्या बाबतींत त्यावर आणखी एक कवच आहे. २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानें २१ प्रकारचीं अपंगत्वें मानलीं आहेत. १९९५ च्या जुन्या कायद्यांत तीं सातच होतीं. त्याचें ९२ वें कलम प्रत्येक शिक्षकानें एकदां तरी वाचावें. दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत बुद्ध्या अपमान करणें, अप्रतिष्ठा करण्याच्या हेतूनें तिच्यावर बळ वापरणें, ती आपल्या ताब्यांत असतांना तिला जाणूनबुजून अन्नपाणी नाकारणें, तिच्या अवयवास अथवा आधाराच्या साधनास इजा करणें किंवा त्याच्या वापरांत बुद्ध्या अडथळा आणणें, हे सर्व अपराध आहेत; त्यांना कमींत कमी सहा महिने व जास्तींत जास्त पांच वर्षें कैद आणि दंड सांगितला आहे. शिक्षा म्हणून मुलाची कुबडी कोपऱ्यांत उभी करून ठेवणारा शिक्षक 'मीं अंगाला बोटही लावलें नाहीं' असें म्हणूं शकेल. पण कुबडी हाच त्या मुलाचा पाय आहे, हें ह्या कायद्यानें ओळखलें आहे. बालकांवरील क्रौर्याबद्दल २०१५ च्या बालन्याय कायद्याचें ७५ वें कलम आणि लैंगिक स्वरूपाच्या स्पर्शाबद्दल २०१२ चा पॉक्सो कायदा, हीं त्याखेरीज आहेतच. असा प्रकार घडल्याचें कळूनही पोलिसांस न कळविणें हा पॉक्सोखालीं स्वतंत्र गुन्हा आहे. 'शाळेचें नांव जाईल' ही सबब तेथें चालत नाहीं.

कायदे कमी नाहींत, हें येथवर दिसून येईल. मग अडतें कोठें? अडतें तें चौकशींत.

शिक्षणहक्काच्या कायद्यानें शिक्षा सेवानियमांवर सोंपविली आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांस १९६४ चे शिस्त व अपील नियम लागू आहेत. खाजगी शाळांतील शिक्षकांस १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा व त्याखालील १९८१ चे नियम लागू आहेत. हे दुसरे नियम उदाहरणादाखल पाहावे. ताकीद, ठपका, वेतनवाढ रोखणें ह्या सौम्य शिक्षा. पदावनति व सेवासमाप्ति ह्या कठोर. कठोर शिक्षा देण्यापूर्वीं रीतसर चौकशी झालीच पाहिजे. आरोप लेखी द्यावे लागतात, उत्तर देण्यास अवधि द्यावा लागतो, साक्षीदारांची उलटतपासणी करूं द्यावी लागते, आणि साधारणतः १२० दिवसांत काम संपवावें लागतें. निर्णय अन्यायाचा वाटल्यास शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करतां येतें. हे सर्व अडथळे नव्हेत. एका माणसाचा पेशा, अन्न व अब्रू ज्या निर्णयानें जाऊं शकते तो निर्णय ऐकीव गोष्टीवर होऊं नये, ह्यासाठीं ते आहेत, आणि ते राहिले पाहिजेत. निलंबन ही शिक्षा नव्हे, हेंही गांवानें लक्षांत ठेवावें. चौकशी निर्वेध व्हावी म्हणून केलेली ती तात्पुरती सोय आहे.

पण ह्याच चौकशी-समितीच्या रचनेकडे पाहा. तीन सभासद: एक संस्थाचालकांचा, एक शिक्षकानें निवडलेला, आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांपैकीं. संस्थेची बाजू पाहणारा आहे, शिक्षकाची बाजू पाहणारा आहे, अनुभवी तिऱ्हाईत आहे. मुलाची भाषा जाणणारा मात्र असलाच पाहिजे, असें नाहीं. मूल बोलणारें असेल तर हें उणें भरून निघतें. मूल बोलणारें नसेल तर काय होतें? समिति विचारते, मूल उत्तर देत नाहीं. कागदावर 'आरोपास पुरावा नाहीं' असें पडतें. आणि तीन सज्जन माणसें प्रामाणिकपणें उठून घरीं जातात. पुरावा नव्हता असें नाहीं. तो वाचणारें कोणी नव्हतें.

फौजदारी कायदा ह्या बाबतींत सेवानियमांच्या पुढें गेला आहे. बोलूं न शकणारा साक्षीदार खुणांनीं किंवा लिहून जें सांगेल तें तोंडी साक्षीसारखेंच धरावें, ही तरतूद साक्षीपुराव्याच्या कायद्यांत पूर्वींपासून आहे. पॉक्सो कायद्यानें तर अपंग मुलाचा जबाब घेतांना विशेष शिक्षकाची अथवा त्या मुलाच्या संवादाची रीत जाणणाऱ्या व्यक्तीची मदत घेण्याची सोय केली आहे. हीच सोय शाळेच्या चौकशींत करावयास हरकत कोणती? मुलाची बोली जाणणारा माणूस साक्षीस बोलावण्यास आजच्या नियमांतही आडकाठी नाहीं. त्यासाठीं नवा कायदा होण्याची वाट पाहावयास नको; मुख्याध्यापकानें व संस्थेनें मनावर घ्यावयास हवें.

खानदेशांत ही अडचण दुहेरी होते. रावेर-यावलकडील केळीच्या बागांत राबणारी किंवा सातपुड्याच्या पायथ्याशीं राहणारी आई घरीं अहिराणी बोलते, पावरी बोलते, भिल्ली बोलते. तिच्या मुलाच्या खुणा त्या घरच्या बोलींतल्या असतात. कार्यालयांतला अर्ज मात्र पुस्तकी मराठींत लिहावा लागतो. जळगांव व धुळें जिल्ह्यांतील कित्येक कुटुंबें हंगामांत ऊसतोडणीस परजिल्ह्यांत जातात. अपंग मूल बरोबर नेणें शक्य नसतें, म्हणून तें निवासी शाळेंत राहतें आणि आईबाप महिनोन्महिने दूर असतात. परत आल्यावर मुलाच्या दंडावरचा वळ आईला दिसतो. ती विचारावयास कचरते. कारण तक्रार केली आणि शाळेनें मूल परत पाठविलें, तर पुढच्या हंगामांत त्याला ठेवावयाचें कोठें? ही भीति ज्यानें पाहिली नाहीं त्याला अशा प्रकरणांत तक्रारी इतक्या कमी कां, हें कळणार नाहीं.

तक्रार आली नाहीं म्हणजे सर्व क्षेम आहे, असें मानण्याचा परिणाम महाराष्ट्रानें पाहिला आहे. पनवेलजवळ कळंबोली येथें बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींचें एक वसतिगृह होतें. तेथील भयंकर अत्याचार २०११ सालीं उजेडांत आले ते मुंबई उच्च न्यायालयानें नेमलेल्या समितीच्या पाहणींतून. बाहेरच्या माणसांनीं आंत जाऊन पाहिलें, धीरानें विचारलें, तेव्हां तें कळलें. २०१३ सालीं मुंबईच्या सत्र न्यायालयानें चालकासह इतर कांहींना दोषी ठरविलें. तें प्रकरण टोकाचें होतें, आणि वर्गांतील एखाद्या धसमुसळेपणाशीं त्याची बरोबरी करणें अन्यायाचें होईल. पण बंद दार आणि मुकें मूल ह्यांचा योग जेथें येतो तेथें लहान दोषही लहान राहत नाहीं, एवढा धडा त्यापासून घ्यावयासच हवा.

शिक्षकाची बाजूही तितक्याच आस्थेनें पाहिली पाहिजे. साध्या शाळेंत चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गांत एक स्वमग्न मूल येतें. त्याला कसें शांत करावें, कोठें धरावें, कोठें धरूं नये, हें त्या शिक्षकास कोणीं शिकविलेलें नसतें. विशेष शिक्षकांची नोंदणी १९९२ च्या कायद्यानें स्थापलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते व त्यांना रीतसर शिक्षण असतें. पण न्हाऊं घालणें, शौचास नेणें, भरवणें हीं अंगाशीं येणारीं कामें पुष्कळ ठिकाणीं मदतनीस व शिपाई करतात, आणि त्यांना प्रशिक्षण क्वचितच मिळतें. शिवाय कांहीं मुलें स्वतःचें डोकें भिंतीवर आपटतात, स्वतःचा हात चावतात; कांहींचीं हाडें जात्याच ठिसूळ असतात. प्रत्येक वळ शिक्षकाच्या क्रौर्याचा असतो, असें नाहीं. रस्त्यावर धांवणाऱ्या मुलास वेळेवर मनगटाला धरून मागें ओढणाऱ्या शिक्षकानें त्याचा जीव वांचविलेला असतो. आणि मनगटावर राहिलेल्या खुणेमुळें दुसऱ्या दिवशीं तोच आरोपी ठरूं शकतो.

म्हणून मुलाचें व शिक्षकाचें, दोघांचेंही रक्षण करील असा एकच उपाय आहे: स्पर्शाला नियम असावा आणि त्याची नोंद असावी. नियम चारच पुरेत. पहिला, हात लावण्यापूर्वीं मुलाला सांगावें. त्याला ऐकूं येत नसेल तर खुणेनें, दिसत नसेल तर शब्दानें. 'आतां खांद्याला धरतों' एवढें म्हटल्यानें मुलाचें अंग सैल होतें. दुसरा, गरजेपुरतेंच धरावें व गरज संपतांच सोडावें. अडवणें हें धोका टाळण्यासाठीं असावें, अद्दल घडविण्यासाठीं कधींही नसावें. तिसरा, तें दुसऱ्या कोणाच्या देखत व्हावें. शौचस्नानासारख्या प्रसंगीं मुलाची लाज राखून, पण दुसरा मदतनीस हांकेच्या अंतरावर ठेवून. चौथा, जोर लावून अडवावें लागलें तर त्याच दिवशीं वहींत लिहावें: वेळ, कारण, कोठें धरलें, किती वेळ, कोण हजर होतें; आणि त्याच संध्याकाळीं पालकास कळवावें. ही वही निर्दोष शिक्षकाचा सर्वांत मोठा साक्षीदार आहे. दोषी माणसास मात्र ती नकोशी वाटेल. तोही तिचा उपयोगच म्हणावयाचा.

ह्यांत मुख्याध्यापकाचें काम सर्वांत कठीण आहे. आपल्या सहकाऱ्याविरुद्ध तक्रार आली म्हणजे ती मिटवावी, शिक्षकाची तुकडी किंवा शाळा बदलावी आणि विषय संपवावा, असा मोह होतो. पण बदली ही शिक्षा नव्हे आणि न्यायही नव्हे. ती दोषी माणसास दुसऱ्या मुलांकडे पाठविते आणि निर्दोष माणसावर कायमचा संशय ठेवते. तक्रार नोंदवावी, मुलाची वैद्यकीय तपासणी त्याच दिवशीं व्हावी, त्याची भाषा जाणणारा माणूस बोलवावा, आणि नियमांप्रमाणें चौकशी व्हावी. दोष अज्ञानाचा असेल तर ताकीद व प्रशिक्षण. क्रौर्याचा असेल तर सेवेंतून दूर करणें व पोलिसांत वर्दी. दोषाप्रमाणें शिक्षा व्हावी. माणूस कोणाच्या ओळखीचा आहे हें पाहून नव्हे.

पालकांनीं व शेजाऱ्यांनीं जाणून ठेवावें असेंही थोडें आहे. दिव्यांग व्यक्तीचा छळ होत आहे असें वाटण्यास कारण असेल तर कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यास कळवूं शकतो, आणि आपल्याकडे तालुक्याचा तहसीलदार हा तसा दंडाधिकारी असतो. ही तरतूद २०१६ च्या कायद्याच्या ७ व्या कलमांत आहे. १०९८ ह्या क्रमांकावर मुलांसाठीं दूरध्वनीची विनामूल्य सोय आहे. आईला अर्ज लिहितां येत नसला तरी फोन करून आपल्या बोलींत सांगतां येतें.

आणि शेवटीं, अपंग मूल म्हणजे नुसतें दयेचें पात्र नव्हे, हें विसरतां कामा नये. जळगांवांतच दीपस्तंभ संस्थेच्या मनोबल प्रकल्पांत ठिकठिकाणचे दिव्यांग तरुण स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करीत आहेत. अशाच मुलांतून उद्यांचे अधिकारी व शिक्षक व्हावयाचे आहेत. लहानपणीं त्यांच्या मनगटाला कोणीं कसें धरलें होतें, तें त्यांच्या अंगानें लक्षांत ठेवलेलें असतें. ज्यांना तें अजून शब्दांनीं सांगतां येत नाहीं त्यांचेंही उत्तर रोज सकाळीं शाळेच्या दारांत मिळतें. शिक्षकाचा हात पुढें आला म्हणजे मूल त्या हाताकडे झुकतें कीं अंग चोरतें, हें आईनें पाहावें, मुख्याध्यापकानें पाहावें. आणि सर्वांच्या आधीं त्या शिक्षकानें स्वतः पाहावें.